बेळगावला गेलेली लगड

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत नेमसागर कास्टिंग्जची तिसरी आणि शेवटची भट्टी बंद करण्यात आली. न्यायासनाने नेमलेल्या दोन अधिकाऱ्यांनी वीजपेटीला मोहोर लावली. कामगार आवारात उभे होते. घोषणा कुणी दिल्या नाहीत. भट्टीत तेव्हा वितळलेला धातू होता. तो ओतून घेण्याची परवानगी मागितली गेली, पण ती मिळाली नाही. ओतलेला धातू म्हणजे नवं उत्पादन, आणि नव्या उत्पादनावर मनाई होती. धातू भट्टीतच थिजला.

साल २०४१, महिना फेब्रुवारी.

उदय बेलेकरांना हे दुपारच्या आत मेव्हण्याकडून कळलं. बेलेकर चौपन्न वर्षांचे. उचगावच्या रस्त्याला त्यांचं विजेच्या स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्याआधी ते नेमसागरमध्येच वितळण विभागाचे प्रमुख होते. अकरा वर्षांपूर्वी, धातूचं गुपित बाहेर दिल्याचा आरोप ठेवून त्यांना काढून टाकण्यात आलं. मेव्हणा बाजीराव मात्र अजून तिथेच भट्टीवर होता. तो दुकानात येऊन स्टुलावर बसला. हेल्मेट त्याने डोक्यावरच ठेवलं.

"दाजी, गार पडली," तो म्हणाला.

बेलेकरांनी विचारलं, आतला माल ओतून घेतला का. बाजीरावने नाही म्हणून मान हलवली. बेलेकरांनी हातातली बॅटरी बाकावर ठेवली. आत धातू थिजला की मूस फोडून काढावी लागते. ज्या कारखान्याने त्यांना हाकललं त्या कारखान्याची मूस फुटणार याचं त्यांना वाईट का वाटावं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

भांडण कशाचं होतं हे कळायला धातूची थोडी माहिती लागते.

टर्बाइन म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने फिरणारं चाक. या भागातले साखर कारखाने आता उसाच्या चिपाडापासून वायू करतात आणि तो छोट्या टर्बाइनमध्ये जाळून वीज काढतात. चाकाच्या कडेला बोटाएवढी पाती असतात. त्यांना हजार-अकराशे अंशांची आच सोसत फिरायचं असतं. साधं पोलाद या आचेत मऊ पडतं. निकेलमध्ये ॲल्युमिनिअम मिसळलं तर धातू थंड होताना आत सूक्ष्म चौकोनी कण तयार होतात, भिंतीतल्या विटांसारखे चिकटून बसलेले. आचेत धातूचे थर एकमेकांवरून घसरू पाहतात, पण हे कण वाट अडवतात. तरीही पातं वर्षानुवर्षं ताणलं जाऊन केसभर लांबतं, आणि केसभर लांबलेलं पातं बाहेरच्या कवचाला घासून तुटतं. हे लांबणं थोपवायला मोठ्या कंपन्या रेनियम नावाचा दुर्मीळ धातू घालतात. नेमसागरच्या पात्यांत रेनियम नव्हतं आणि तरी ती टिकत होती.

याचं कारण नेमगोंडा मगदूम यांनी घालून दिलेल्या एका रीतीत होतं. ओतकामात उरलेला धातू आणि झिजून परत आलेली जुनी पाती यांच्या लगडी करायच्या, आणि प्रत्येक नव्या वितळणीत निम्मा भाग या जुन्या लगडींचा घालायचा. कारखान्यात याला विरजण म्हणत. मुशीच्या अस्तरातून यट्रियम नावाच्या मूलद्रव्याचे मोजके अणू धातूत उतरतात. एका वितळणीत ते फार थोडे असतात. विरजणामुळे ते वितळणीगणिक साठत गेले आणि एका पातळीला येऊन स्थिरावले. दहा लाख अणूंमागे चाळीसेक. एवढ्याने पात्याचं आयुष्य दुप्पट झालं. हे नेमगोंडांनी ठरवून केलं नव्हतं. काटकसर म्हणून सुरू केलं, पाती टिकतात असं दिसलं, म्हणून चालू ठेवलं. का टिकतात ते त्यांच्या मुलीने, शर्मिष्ठाने, पुढे धातुशास्त्र शिकून आल्यावर शोधून काढलं.

दावा करणारी कंपनी परदेशी होती. तिच्याकडे एक शोधयंत्र होतं. पूर्वी नवा मिश्रधातू शोधायचा तर वर्षभरात दहा-वीस मिश्रणं करून बघता येत. हे यंत्र निकेलमध्ये काय काय किती किती मिसळता येईल याची सगळी गणितं मांडतं, कोट्यवधी मिश्रणांचं आयुष्य मोजतं, आणि त्यातली निवडक मिश्रणं स्वतःच्याच भट्टीत ओतून पडताळतं. २०३६ साली कंपनीने यंत्राने काढलेल्या प्रमाणांच्या सगळ्या उपयोगी पट्ट्यांवर एकदम पेटंट मागितलं. निकेल इतक्यापासून इतकं, ॲल्युमिनिअम इतक्यापासून इतकं, यट्रियम दहा लाखांत वीसपासून नव्वदपर्यंत. बदललेल्या कायद्यात हे बसत होतं. पेटंट मिळालं, आणि नेमसागरचा धातू त्या पट्टीच्या बरोबर मध्ये पडला.

कंपनीने काही चोरलं नव्हतं. तिला शिरोली कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. माणसांना वीस वर्षं लागली तिथे यंत्र काही आठवड्यांत गणिताने पोचलं होतं, एवढंच.

पेटंट मोडायला एकच वाट होती. अर्जाच्या तारखेआधी हा धातू जगाला माहीत होता असं दाखवायचं. आम्ही तो आधीपासून करतो, एवढं पुरत नाही. गुपचूप केलेलं कायदा मोजत नाही. आणि नेमगोंडांनी गुपित फार काळजीने राखलं होतं. पाती त्यांनी कधी विकली नाहीत, भाड्याने दिली. करारात कलम होतं की पातं कापायचं नाही, तपासायचं नाही, झिजलं की परत करायचं. कारखान्यात फोन न्यायला बंदी होती. मिश्रणाचं प्रमाण तीन माणसांना ठाऊक होतं. कंपनीच्या वकिलांनी यातली प्रत्येक गोष्ट न्यायासनासमोर मांडली आणि आभार मानल्यासारख्या सुरात सांगितलं की गुपित किती चोख राखलं होतं याचा पुरावा प्रतिवादींनी स्वतःच दिलेला आहे.

एकच भगदाड होतं, आणि त्याचं नाव होतं उदय बेलेकर.

अकरा वर्षांपूर्वी बेळगावच्या भरमाप्पा हंजी यांनी नवी भट्टी टाकली आणि पात्यांचा एक संच ओतून स्वतःच्या चाचणीयंत्रावर चालवला. तो नेमसागरइतकाच टिकला. हंजी नेमगोंडांचे साडू. नात्यातल्या माणसाने आपलं गुपित फोडून घेतलं याचा नेमगोंडांना एवढा राग आला की दोन्ही घरांतलं येणंजाणं तुटलं. गुपित दिलं कुणी, याची चौकशी झाली. लगडींच्या कोठाराची किल्ली बेलेकरांकडे असायची. कोठारात एका लगडीएवढं वजन कमी भरत होतं. बेलेकर म्हणाले, मी दिली नाही. चौकशीच्या शेवटी त्यांना सांगण्यात आलं की कबूल केलंस तर खालच्या जागेवर ठेवून घेऊ. युनियनचे लोकही म्हणाले, हो म्हण आणि नोकरी वाचव. बेलेकरांनी हो म्हटलं नाही. हंजी पुढे दोन वर्षांनी वारले, भट्टी बंद पडली, आणि ते प्रकरण लोकांच्या तोंडी तेवढं राहिलं.

भट्टी बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी शर्मिष्ठा मगदूम बेलेकरांच्या दुकानात आल्या. नेमगोंडा एक्क्याऐंशीचे झाल्यापासून कारखाना त्याच बघतात. बरोबर पुण्याच्या वकील ॲडव्होकेट भडभडे होत्या. चौकशीच्या वेळी शर्मिष्ठा वडिलांच्या शेजारी बसल्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. दुकानात आल्यावरही त्यांना सुरुवात सापडेना. बेलेकरांनी दोन स्टुलं पुढे केली, बाकावरच्या वायरी बाजूला सारल्या.

बोलल्या त्या भडभडे. त्यांनी कायदा समजावून सांगितला. बंधन नसलेल्या एका जरी बाहेरच्या माणसाला प्रमाण कळलेलं असलं, तर ते जगाला कळलं असं न्यायासन धरतं. हंजींना ते कळलं होतं, हे त्यांच्या पात्यांवरून दिसतं. कसं कळलं, हे सांगणारा माणूस हवा. चौकशीचा निष्कर्ष आहेच, पण त्यात आरोपीने नाकारलं आहे, म्हणून तो लंगडा पडतो. तेव्हा बेलेकरांनी हो म्हटलं असतं तर आज हे पेटंट एका दिवसात मोडलं असतं, असंही त्या ओघात बोलून गेल्या.

"म्हणजे मी चोर असलो तर कारखाना वाचतो," बेलेकर म्हणाले.

"मी तुम्हाला काय सांगा ते सांगणार नाही," भडभडे म्हणाल्या. "ते मला करता येत नाही. कायद्यात काय चालतं तेवढं सांगायला आलेय. आणि बाहेर माहिती देणं हा आता गुन्हाही राहिलेला नाही, मुदत संपलीय. कारखाना तुमच्यावर काही करणार नाही, तसं लिहून देईल."

बेलेकर म्हणाले, अकरा वर्षांपूर्वी मी जे सांगितलं तेच आज सांगेन. भडभडेंनी मान डोलावली आणि आपलं कार्ड बाकावर ठेवलं. शर्मिष्ठा उठताना म्हणाल्या की बेळगावला हंजींच्या मुलाकडे त्या संचातलं एक पातं मिळालं आहे आणि ते तपासायला पाठवलं आहे. त्यातून काही दुसरं निघालं तर तुम्हाला त्रास देणार नाही.

पण त्रास द्यायला त्यांची गरज नव्हती. दोनशे बासष्ट माणसं घरी बसली होती आणि त्यातली बरीच उचगाव, शिरोली, हालोंडीची होती. दुकानावर लोक येऊ लागले. बॅटरी बरी असली तरी दाखवायला आणत. इकडचं तिकडचं बोलत आणि मग मूळ गोष्टीवर येत. भरणी विभागातला जुना सोबती शामराव मुळीक तर सरळच म्हणाला, "बेलेकर, लेका, इतकी वर्सं तुला आम्ही फुकट चोर म्हटलं. आता जरा आमच्यासाठी हो की चोर." बाकीचे हसले. बेलेकरही हसले. मग मुळीक गंभीर झाला आणि म्हणाला की मुलाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे.

कोण खरं बोलतंय याची आता कुणाला फारशी फिकीर उरली नव्हती, हे बेलेकरांच्या लक्षात येत होतं. ज्यांनी त्यांना चोर मानलं होतं ते म्हणत, केलंस तर कबूल करायला काय जातं. ज्यांनी मानलं नव्हतं ते म्हणत, तू केलं नाहीस हे आम्हाला माहीत आहे, मग एकदा म्हणायला काय हरकत आहे. दोन्ही बाजू त्यांना एकाच दाराशी आणून सोडत होत्या.

घरी पत्नी मंगल याबद्दल काही बोलत नव्हत्या. बाजीराव त्यांचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवला होता. चौकशीनंतरच्या वर्षात गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या, तेव्हा मंगलनी भांडून एकेकीला गप्प केलं होतं. माझा नवरा खोटं बोलत नाही, हे त्या ज्या जोराने म्हणत त्या जोरावर घर उभं राहिलं होतं. एका संध्याकाळी भाकऱ्या थापताना, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, "तुम्ही खरंच दिली असती तर बरं झालं असतं."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्या घरात अकरा वर्षांत कुणी एवढं वाईट बोललं नव्हतं, आणि ते रागाने म्हटलेलं नव्हतं.

बेळगावच्या पात्याचा अहवाल पंधरवड्याने आला. ही तपासणी नवी आहे. यंत्र धातूतले अणू एकेक करून मोजतं. खाणीतून येणाऱ्या प्रत्येक निकेलमध्ये परक्या मूलद्रव्यांचा आपला आपला ठसा असतो. साध्या कारखान्यात तो ठसा एका वितळणीपुरता राहतो. जिथे विरजण घालतात तिथे मागच्या वितळणीचा अर्धा ठसा, तिच्या मागच्याचा पाव, असा क्रम आत टिकतो आणि यंत्र तो उलटा वाचत जातं. हंजींच्या पात्यात अशी साखळी निघाली. ती नेमसागरच्या २०२९ सालच्या वितळणींशी तंतोतंत जुळली. म्हणजे बेळगावला नुसते आकडे गेले नव्हते. एक अख्खी लगड गेली होती. तिचा तुकडा हंजींनी तपासला असणार आणि उरलेली आपल्या पहिल्या वितळणीत घातली असणार.

यंत्र धातूचं कुळ सांगत होतं. तो कुणाच्या हातून गेला हे त्याला सांगता येत नव्हतं.

अहवाल आला त्या दुपारी शर्मिष्ठांनी बेलेकरांना फोन करून विचारलं, आण्णांना तुमच्याशी बोलायचं आहे, याल का. नेमगोंडांना कारखान्यात आणि घरी सगळेच आण्णा म्हणतात. बेलेकर रुईकर कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नेमगोंडा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, हातात काठी, नजर अजून शाबूत. बस की उदय, असं ते पूर्वीच्याच आवाजात म्हणाले. कॉफी आली. मग ते म्हणाले, मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, आज मागतो. दोनशे घरं आहेत. तू एकदा म्हण.

बेलेकरांनी कप ठेवला. त्यांनी विचारलं, आण्णा, अहवाल वाचला का? त्यात लगड गेली असं लिहिलंय. साडेचार किलोची लगड. मी ती गेटवरून कशी नेली असेन, हे तरी कधी मनात आलं का? तपासणी माझीच सर्वांत कडक व्हायची.

"लगड व्हय," नेमगोंडा म्हणाले. "ती मीच दिली की भरमाप्पाला. भट्टीपूजनाला."

शर्मिष्ठा दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या त्यांनी जवळच्या टेबलावर ठेवला.

नेमगोंडांनी सहज सांगितलं, कुणी विचारलं म्हणून सांगावं तसं. नवी भट्टी पेटायची असली की थोराच्या भट्टीतला तुकडा तिच्या पहिल्या वितळणीत घालायचा, ही ओतकामवाल्यांची जुनी चाल. त्यांनी भट्टी घातली तेव्हा त्यांनाही सांगलीच्या एका म्हाताऱ्या ओताऱ्याने बिडाचा तुकडा दिला होता. साडूने भट्टी घातली, मग लगड न देऊन कसं चालेल. नारळ, पान-सुपारी आणि लगड, असं ताट त्यांनी स्वतः नेलं होतं. कोठारातून रविवारी त्यांनीच काढली, किल्लीची दुसरी प्रत त्यांच्याकडे असायचीच.

शर्मिष्ठांनी विचारलं, हे तुम्ही चौकशीत का सांगितलं नाही.

"ते शकुनाचं होतं," नेमगोंडा म्हणाले. "त्याचा ह्याच्याशी काय संबंध? मी फॉर्म्युला कुठं दिला होता?"

मग त्यांनी स्वतःच तो संबंध जोडला. तो जोडला जाताना बेलेकरांना दिसला. म्हाताऱ्याची नजर त्यांच्यावरून सरकली, काठीवर आली, तिथेच राहिली. त्यांच्या हिशेबात गुपित म्हणजे कागदावरचे आकडे होते. आकडे त्यांनी कधी कुणाला सांगितले नव्हते. आशीर्वाद म्हणून दिलेल्या धातूत ते सगळे आकडे होते आणि कुणीही तपासून काढू शकत होतं, हे त्यांच्या मनात अकरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. दिलेलं दान कुणी मोजत नाही, म्हणून हरवलेल्या वजनात त्यांनी ते धरलं नव्हतं.

माफी त्यांनी मागितली नाही. थोड्या वेळाने ते शर्मिष्ठांना म्हणाले, "त्याची कॉफी गार झाली, दुसरी आण."

बेलेकर दुसरी कॉफी न घेता उठले. घरी येऊन त्यांनी मंगलना सगळं सांगितलं. मंगल ओट्याशी उभ्याच होत्या. खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. बाजीरावला बोलावून त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, मग झालंच की, आण्णांनीच दिलं म्हणायचं, भट्टी चालू. त्या रात्री त्या घरात तिघेही पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी भडभडे यांचा फोन आला. हे चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

कारण असं होतं. साडू म्हणजे घरचा माणूस. घरच्या माणसाला विश्वासाने दिलेली वस्तू बाहेर गेली असं न्यायासन धरत नाही. गेल्याच वर्षी अशाच एका प्रकरणात तसा निकाल झाला होता. शिवाय पूजेच्या ताटातली लगड ही माहिती नसते. देणाऱ्याच्या मनात माहिती द्यायचं नव्हतं, घेणाऱ्याने ती तपासणं हा विश्वासघात ठरतो, आणि विश्वासघाताने नात्यात फिरलेलं ज्ञान सार्वजनिक धरायचं की नाही यावर वकील दोन वर्षं भांडू शकतात. दोन वर्षं भट्टी बंद ठेवून कारखाना उरत नाही. उलट, एखाद्या कामगाराने प्रतिस्पर्ध्याला जाणूनबुजून लगड दिली आणि तिच्यात काय आहे ते सांगितलं, तर देणाऱ्याशी घेणाऱ्याचं नातं नाही, त्याच्यावर विश्वासाचं बंधन नाही, संशयाला जागा नाही. अणूंचा अहवाल दोन्ही हकिकतींना सारखाच जुळतो. पण दोन्ही एकत्र मांडता येत नाहीत. एक खरी धरली की दुसरी खोटी पडते.

बेलेकरांनी विचारलं, म्हणजे खरं सांगितलं तर हरणार?

"हरेलच असं नाही," भडभडे म्हणाल्या. "पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

त्यांनी नेमगोंडांचं प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि ते शर्मिष्ठांकडे ठेवलं. बेलेकरांचं नाव साक्षीदार म्हणून आधीच दिलेलं होतं, ते मागे घेतलं नाही. साक्षीत ते काय सांगणार हे त्यांनी विचारलं नाही, आणि ठरवून विचारलं नाही.

शर्मिष्ठा एकदाच परत दुकानात आल्या, एकट्या. तुम्ही जे सांगाल त्याप्रमाणे मी आण्णांचा कागद देईन किंवा फाडीन, असं त्या म्हणाल्या. मालकीण म्हणून हे माझं काम आहे, आणि मी ते तुमच्यावर टाकतेय, हे मला कळतंय. बेलेकर म्हणाले की तुम्हाला कळतंय हे बरं आहे. त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं की नाही, हे शर्मिष्ठांना समजलं नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सुनावणी लागली. तोवर भरणी विभागातली काही माणसं कामासाठी राजकोटला गेली होती, दोघं कोइम्बतूरला. बाजीराव थांबला होता. दाजींनी सांगितलं म्हणून थांबला, असं तो लोकांना सांगत होता. बेलेकरांनी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं.

पुण्याला ते आणि मंगल बसने गेले. न्यायासनाच्या मार्गिकेत नेमगोंडा चाकाच्या खुर्चीत होते. शर्मिष्ठांच्या पिशवीत त्यांचं प्रतिज्ञापत्र होतं, सही केलेलं, दाखल न केलेलं. नेमगोंडांनी बेलेकरांना जवळ बोलावलं. काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं, जेवलास का. बेलेकर म्हणाले, जेवलो. मंगल भिंतीला टेकून उभ्या होत्या. कोल्हापूर सोडल्यापासून त्यांनी नवऱ्याला एकही सल्ला दिला नव्हता. शिपायाने नाव पुकारलं तेव्हा त्यांनी फक्त नवऱ्याच्या सदऱ्याची मुडपलेली कॉलर सरळ केली.

शपथ झाली. कंपनीच्या वकिलाने सुरुवातीलाच साक्षीदाराला खोट्या साक्षीच्या शिक्षेची कल्पना द्यावी अशी विनंती केली. पीठासीन अधिकाऱ्यांनी ती दिली. बेलेकरांनी समजलं म्हणून सांगितलं. मग भडभडे उठल्या आणि त्यांनी तेवढा एकच प्रश्न विचारला: नेमसागर कास्टिंग्जच्या कोठारातली लगड तुम्ही श्री. भरमाप्पा हंजी यांना दिली होती का?

बेलेकरांनी विचारलं की याला हो किंवा नाही एवढंच उत्तर चालेल का. पीठासीन अधिकारी म्हणाले, आधी तेवढं द्या, खुलासा नंतर. बेलेकरांनी दालनाच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे बाजीराव होता, मुळीक होता, आणखी पंधरा-वीस जण होते. सगळे एकाच गाडीने आले होते. त्यांच्या पुढच्या रांगेत शर्मिष्ठा पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या.

प्रश्न दुसऱ्यांदा वाचून दाखवण्यात आला. बेलेकरांनी पाणी मागितलं, पाणी देण्यात आलं. मग त्यांनी सांगितलं, मला वेळ हवा. कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली. लगड दिली की नाही दिली एवढं आठवायला साक्षीदाराला वेळ कशाला, असं ते म्हणाले. पीठासीन अधिकाऱ्यांनी हरकत नोंदवली आणि काम सोमवारपर्यंत तहकूब केलं. शपथेवर असेपर्यंत साक्षीदाराने कुणाशीही, पत्नीशीसुद्धा, या विषयावर बोलू नये, अशी ताकीद दिली.

बेलेकर पती-पत्नी त्या संध्याकाळच्या बसने कोल्हापूरला परतले. शिरोलीच्या तिन्ही भट्ट्यांवरची मोहोर कायम आहे. नेमगोंडा मगदूम यांचं प्रतिज्ञापत्र अद्याप दाखल झालेलं नाही. न्यायासनाच्या नोंदीत त्या दिवसाच्या शेवटी एवढंच आहे: साक्षीदाराला प्रश्न समजला आहे. उत्तर नोंदवलेले नाही.